व्हॅल्किरी घ्यायची तर आधी ती गेरवॉकमध्ये उभी करून बघा

गेल्या महिन्यात चिंचवडहून भाच्याचा फोन आला. "मावशी, पैसे साठलेत, पहिली व्हॅल्किरी घेतोय. एक मित्र म्हणतो, ज्यात धातू जास्त तीच घे. दुसरा म्हणतो, जुन्या ताकातोकूसारखी पुन्हा झालीच नाही. तिसरा म्हणतो, बंदाई सोडून कशाकडे बघूसुद्धा नको. मी ऐकू कोणाचं?"

मी म्हटलं, "कोणाचंच नको. विकणाऱ्याला सांग, मला ती आधी गेरवॉकमध्ये उभी करून बघायची आहे. मग मी सांगते तसं एकेक तपास."

व्हॅल्किरी म्हणजे 'मॅक्रॉस' या जपानी कार्टून मालिकेतलं, विमानाचा रोबो होणारं खेळणं; गेरवॉक म्हणजे विमान आणि रोबो यांच्या मधलं त्याचं तिसरं रूप. ताकातोकू आणि बंदाई या ते काढणाऱ्या जपानी कंपन्या. फोनवर सांगितलेलं तुटक होतं. भाच्यासारखी बरीच मुलं आता पुण्या-मुंबईत अशी महागडी, रूप बदलणारी खेळणी घेतात, आणि तीन-चार फोटोंवरून वाद घालतात. त्यांच्यासाठी नीट लिहून काढते.

माझं यातलं शिक्षण खेळण्यांच्या दुकानात झालेलं नाही. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मी सात वर्षं प्लास्टिकच्या साच्यांवर काम केलं: मिक्सरची बटणं, मोटारसायकलच्या इंडिकेटरची घरं, स्विचच्या पेट्या. आता तोक्योत त्याच कामात आहे आणि निशी-कासाईला राहते. तिथून तोझाई लाईन धरली की गाडी न बदलता शेवटच्या स्टेशनावर, नाकानोला, उतरता येतं. नाकानो ब्रॉडवे ही १९६६ साली बांधलेली इमारत आहे. आत मजल्यामागून मजले जुन्या खेळण्यांची, मांगाची (जपानी कॉमिक्सची), कार्टूनसाठी पारदर्शक पट्टीवर काढलेल्या सेल-चित्रांची दुकानं. जवळच्याच एका कॉफीच्या दुकानात आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एका रविवारी बसतो. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळे सेनसेई म्हणतो. एक नर्स आहे, दोन कॉलेजची मुलं आहेत आणि मी. प्रत्येक जण आपलं एखादं खेळणं टॉवेलात गुंडाळून आणतो, आणि मग वाद सुरू होतो.

एका रविवारी त्यातल्या एका मुलाने फोनवर नव्या व्हॅल्किरीचा फोटो दाखवला. रोबो-रूप, कंबर बारीक, पाय लांब, अगदी पडद्यावरच्यासारखी. "याच्यापुढे जुनी म्हणजे डबा," तो म्हणाला. सेनसेई काही बोलले नाहीत. त्यांनी आपली ताकातोकूची जुनी व्हॅल्किरी टेबलावर ठेवली आणि आमच्याशी बोलता बोलता, खाली न बघता, विमानाचा रोबो करून दाखवला. एकही भाग न काढता. चाळीस वर्षांत कितीदा केलं असेल कोण जाणे, पण सांधे अजून घट्ट होते.

त्या दिवशी दोघांचंही खरं होतं. मुलगा दिसण्याबद्दल बोलत होता, सेनसेई बदलण्याबद्दल. म्हणून पहिलं काम हे: वाद घालण्याआधी आणि पैसे देण्याआधी, आपण कोणत्या मापाने मोजतोय ते ठरवा. कपाटात एकाच रूपात उभी करायची असेल तर फोटो पुरतो. हातात घेऊन बदलायची असेल तर फोटोवरून काहीच कळत नाही.

वाद मुळात कुठून येतो

'मॅक्रॉस' ही मालिका जपानी टीव्हीवर १९८२च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९८३च्या जूनमध्ये ३६ भागांनी संपली. तिच्यातलं व्हीएफ-१ व्हॅल्किरी हे लढाऊ विमान शोजी कावामोरी यांनी रेखाटलं. अमेरिकी एफ-१४ टॉमकॅटची छाप त्यावर स्पष्ट आहे: दोन शेपट्या, मागेपुढे होणारे पंख, अंगाच्या दोन बाजूंना दोन इंजिनं. हीच इंजिनं रोबोचे पाय होतात. पोटाखाली मिटलेले असतात ते हात. विमानाचं नाक खाली दुमडतं आणि रोबोचं पोट बनतं, कॉकपिटच्या काचेवर एक ढाल सरकते. विमान आणि रोबो यांच्या मध्ये तिसरं रूप आहे, गेरवॉक: अंग विमानाचं, पण खाली पाय फुटलेले, गुडघे पक्ष्यासारखे उलटे वाकलेले, हात बाहेर.

कावामोरी आपली रूपांतरं लेगोच्या ठोकळ्यांनी बांधून पाहतात, हे चाहत्यांमध्ये सर्वांना ठाऊक आहे. पण ठोकळ्यांचा नमुना बदलला म्हणून पडद्यावरचं चित्र तसंच्या तसं खेळण्यात उतरतं असं नाही. चित्र काढणाऱ्याला एका चौकटीत पाय जाड, पुढच्या चौकटीत बारीक करता येतो. साच्यातून निघालेला पाय मात्र जेवढा आहे तेवढाच राहतो. विमानात तो पाय मागच्या बाजूला असतो, रोबोत तोच कॉकपिटच्या नाकाच्या दोन बाजूंना येऊन बसावा लागतो. हा पल्ला खेळण्याने कसा पार केला, यावरच चाळीस वर्षं सगळी कंपन्यांची डोकेफोड आणि चाहत्यांची भांडणं चालली आहेत.

१९८२ साली ताकातोकूने १/५५ मापाची, म्हणजे मालिकेतल्या विमानाच्या पंचावन्नाव्या हिश्शाएवढी व्हॅल्किरी काढली. पाय झुलत्या दांड्यावर, अंग जाडजूड, मुठी मिटलेल्या, बोटं हलत नाहीत. पण तिन्ही रूपं भाग न काढता होतात. कंपनी १९८४ साली बुडाली. साचे बंदाईकडे गेले आणि १९८५ साली हेच खेळणं हॅस्ब्रोच्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये जेटफायर नावाने अमेरिकेत विकलं गेलं. पुढे यामातो या कंपनीने १/६० मापाची व्हॅल्किरी आणली. तिची पहिली आवृत्ती दिसायला सडपातळ, पण रूप बदलताना पाय काढून पुन्हा लावावे लागत. मग त्यांचीच १/४८ आली, तिच्यात पाय काढावे लागत नव्हते, आणि त्यानंतर १/६०ची सुधारलेली आवृत्ती. बंदाईची डीएक्स चोगोकिन व्हीएफ-१ सुद्धा १/४८ मापाची आहे.

जपानी चाहते भाग न काढता होणाऱ्या बदलाला 'कान्झेन हेन्केई' म्हणतात, म्हणजे संपूर्ण रूपांतर. भाग काढून लावायला लागले तर 'साशिकाए'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, विक्रीच्या वर्णनात सतत दिसतील. साशिकाए म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. भाग बदलून लावले की आकार सुंदर ठेवता येतो. पण ज्याला हातात घेऊन बदलायची हौस आहे त्याने ते घेऊ नये, दोन महिन्यांत काढून ठेवलेला एखादा भाग हरवतो.

माप म्हणजे फक्त उंची नव्हे

व्हीएफ-१ची विमानरूपातली लांबी मालिकेच्या माहितीनुसार १४.२३ मीटर. म्हणजे १/६० मध्ये सुमारे २३.७ सेंटिमीटर, १/५५ मध्ये २५.९, १/४८ मध्ये २९.६, आणि छोट्या १/१०० मध्ये १४.२. कपाटाची खोली आधी मोजा. पंख उघडे ठेवायचे असतील तर रुंदीही मोजा.

खरी गोष्ट मात्र वजनाची आहे. १/६० वरून १/४८ वर गेलात तर लांबी सव्वापट होते, पण आकारमान सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सामग्री तीच आणि भिंतींची जाडीही त्याच प्रमाणात वाढलेली धरली तर वजनही तेवढंच. शिवाय ते वजन कमरेच्या सांध्यापासून सव्वापट लांब टांगलेलं असतं, म्हणून सांध्यावरचा पीळ जवळपास अडीचपट होतो. नुसत्या घर्षणावर धरणारा सांधा मोठ्या खेळण्यात टिकत नाही, तिथे कट-कट आवाज करणारा दातेरी सांधा लागतो. लोक म्हणतात "मोठी घे, पैसे वसूल." मी म्हणते, मोठी घ्याल तर कमरेत आणि गुडघ्यात दाते आहेत का ते आधी विचारा.

हातात आल्यावर

आता मुख्य काम. हात धुवा, अंगठी-घड्याळ काढा, टेबलावर टॉवेल पसरा. दुकानात असाल तर परवानगी घ्या. नाकानोत महागड्या वस्तू कुलपाच्या काचेत असतात. "मिसेते मोराएमासु का" असं विचारलं की विक्रेता वस्तू ट्रेमध्ये काढून दाखवतो. बऱ्याचदा सांधे तोच हलवतो, तुम्ही सांगायचं काय बघायचं आहे ते.

सुरुवात रूप न बदलता करा. प्रत्येक सांधा डावा-उजवा जोडीने हलवा: आधी दोन्ही खांदे, मग कोपर, कंबर, गुडघा, घोटा. तुम्हाला घट्ट की सैल हे बघायचं नाही, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघायचं आहे. दोन्ही सारखे सैल असतील तर ती घडण तशीच आहे. एक घट्ट आणि एक सैल असेल तर काहीतरी घडून गेलंय: झीज, दुरुस्ती किंवा तडा.

मग मोबाईलचा टॉर्च आडवा धरा आणि प्रत्येक पिनेच्या भोवती बघा. इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. प्लास्टिकमध्ये भोक हवं असतं तेव्हा साच्यात एक पिन उभी असते. वितळलेलं प्लास्टिक त्या पिनेला दोन बाजूंनी वळसा घालून पलीकडे भेटतं. जिथे दोन प्रवाह भेटतात तिथे जोडरेषा पडते. ती रेघ कधी डोळ्याला दिसते, कधी नाही, पण तो त्या भागाचा सर्वांत कच्चा कोपरा असतो. मग त्याच भोकात धातूची पिन ठोकून बसवतात. पिन काही मायक्रॉन जास्त जाड असली किंवा भोकाभोवतालची भिंत पातळ ठेवली, की प्लास्टिक कायम ताणात राहतं. पहिल्या दिवशी काही होत नाही. दोन वर्षांनी, चार वर्षांनी, कपाटात पडल्यापडल्या तडा जातो, आणि तो बहुतेक त्या जोडरेषेवरूनच जातो. रूप बदलणाऱ्या खेळण्यांचे खांदे फुटतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. मालकाने जोर केला असेलच असं नाही. म्हणून "मी कधी हातच लावला नाही, नवी आहे" या वाक्यावर विसंबू नका. न हाताळलेल्या खेळण्यालाही टॉर्च लावा. तडा केसाएवढा असतो, पिनेपासून सुरू होऊन कडेकडे जातो. त्याच्या आधीची अवस्था म्हणजे पांढरट डाग. जपानी विक्रेते त्याला 'हाक्का' म्हणतात.

हे झालं की गेरवॉक करा. पाय खाली आणा, गुडघे मागे वाकवा, हात बाहेर काढा आणि टेबलावर उभी करा. आणि सोडा. दहा मिनिटं चहा प्या.

मी गेरवॉकचा एवढा आग्रह का धरते ते सांगते. विमानरूपात सगळं अंग एकमेकांत अडकलेलं असतं, सांध्यांना काम नसतं. रोबोरूपात वजन सरळ खाली उतरतं, चांगला समतोल असेल तर ढिली कंबरही निभावून नेते. गेरवॉकमध्ये मात्र अख्खं विमान पुढे लोंबतं आणि खाली दोन वाकलेले पाय ते तोलतात. कंबर, गुडघा, घोटा, तिघांवर एकाच वेळी पीळ. दहा मिनिटांत नाक खाली यायला लागलं तर सांधा खोटा आहे. पाय हळूहळू फाकायला लागले तर कमरेची आडवी पकड गेली. पाऊल पूर्ण टेकत नसेल, टाच किंवा चवडा उचलला जात असेल, तर घोट्याची घडण कमी पडते, आणि ते कोणत्याही दुरुस्तीने सुधारत नाही. आमच्या गटात आता नियमच आहे: कोणीही नवीन काही आणलं की आधी गेरवॉक, मग बोलायचं.

त्यानंतर पुढे रोबो करा. हळू. बदलताना तीन जागी थांबून बघा. पहिली जागा, पाय मागून पुढे येतात ती. दांडा झुलतो, सरकतो की निसटून दुसरीकडे बसतो? बसल्यावर 'टक' असा आवाज येतो का? आवाज न येता नुसता रेलून राहिला तर पुढे सैल होणार. दुसरी जागा, पाठीचा बिजागर. पंख आणि शेपटीचा अख्खा भार तो उचलतो. तिथे धातू असेल तर चांगलं, नसेल तर निदान भिंत जाड हवी. तिसरी, कॉकपिटवरची ढाल. ती काचेला घासत असेल तर काचेवर ओरखडे येतात, आणि पारदर्शक प्लास्टिक साध्या प्लास्टिकपेक्षा ठिसूळ असतं, तिथे नख लावून ओढू नका.

रोबो झाला की छातीला धरून हलका हलवा. पोट आणि पाठ एकमेकांपासून सुटत नसतील, खुळखुळ येत नसेल, तर कुलूप नीट बसलंय.

मग परत विमान करा, आणि हे दोनदा करा. पहिल्यांदा जाताना सगळंच बरं वाटतं. परत येताना पोटाखाली हात नीट मिटतात का, पायांच्या आणि पाठीच्या मधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बंदूक पोटाखाली न पडता बसते का, हे बघा. नाकाला धरून विमान आडवं उचला. मधेच वाकलं तर त्या खेळण्याचं विमानरूप फक्त स्टँडवर चांगलं दिसणार. रंग कुठे घासला गेला तेही दुसऱ्या फेरीला कळतं. घासण्याच्या जागी रंग दिलेला असणं हा कारागिराचा नव्हे, आराखड्याचा दोष आहे. तिथे साच्यातच रंगीत प्लास्टिक वापरायला हवं होतं.

धातूचा वाद

हा वाद कधीच संपत नाही, आणि त्याला जुनं कारण आहे. १९७४ साली पोपी कंपनीने 'चोगोकिन' नावाने 'माझिंगर झेड' या टीव्ही मालिकेतल्या रोबोचं धातूचं खेळणं काढलं. चोगोकिन म्हणजे त्या मालिकेतला काल्पनिक महाधातू. मुलांच्या हातात पहिल्यांदा वजनदार रोबो आला. सेनसेई सांगतात, तेव्हापासून जड म्हणजे उत्तम असं त्यांच्या पिढीच्या हातालाच सवयीचं झालं. ती भावना मला समजते. आमच्याकडे पितळेचा तांब्या हातात घेतल्यावर जे वाटतं तेच ते.

पण खेळण्यातला धातू म्हणजे जस्ताची मिश्रधातू. तिची घनता एबीएस प्लास्टिकच्या साधारण सहापट. एवढं वजन पायात, खाली असेल तर खेळणं स्थिर उभं राहतं. छातीत, पंखात किंवा हातात असेल तर वरचा सगळा भार प्लास्टिकच्या सांध्यावर येतो. म्हणून "किती धातू आहे" हा प्रश्नच चुकीचा, "कुठे आहे" विचारा. पाऊल, कंबरेचा दांडा, पाठीचा बिजागर इथे धातू मला हवा. खांद्याच्या बाहेरच्या कवचावर धातू नको, तिथे रंगाचे टवके उडतात आणि शेजारच्या प्लास्टिकचा पांढरा व धातूवरचा पांढरा काही वर्षांनी वेगळे दिसायला लागतात. नाव चोगोकिन असलं म्हणून खेळणं धातूचं असतं असंही नाही. बहुतेक अंग प्लास्टिकचंच असतं, आणि तेच बरोबर आहे.

प्लास्टिकही एकच नसतं. बाहेरची कवचं एबीएसची, कडक आणि रंग धरणारी. सांध्यांत चांगली कंपनी पीओएम वापरते, स्पर्शाला किंचित मेणासारखं, स्वतःच गुळगुळीत, झिजायला चिवट. त्याच्यावर रंग आणि गोंद दोन्ही धरत नाहीत. म्हणून पीओएमचा तुटलेला सांधा चिकटवून दिलाय असं कोणी म्हणालं तर तो सौदा सोडा.

छपाईबद्दल थोडक्यात: खुणा आणि अक्षरं कारखान्यात छापलेली असतील तर कडा नखाला लागत नाहीत आणि ती टिकतात. स्टिकर असतील तर घडीवर, बिजागराजवळ लावू नका. पाण्याने सोडवायचे डिकल सर्वांत सुंदर दिसतात, पण हाताळण्याच्या खेळण्यावर वरून लॅकर मारल्याशिवाय राहत नाहीत. कवचाच्या मोठ्या सपाट भागावर उजेड तिरपा पाडला की आतल्या जाड फासळीच्या जागी खळगा दिसतो. तो घाईत थंड केलेल्या मालाचा असतो. मजबुतीला धोका नाही, पण त्या किमतीला मी तो स्वीकारत नाही.

वापरलेली घेताना

जपानमधून मागवणारे मराठी मित्र मला नेहमी विक्रीचं पान पाठवून अर्थ विचारतात. हे शब्द पुरतील. 'मिकाईफू' म्हणजे न उघडलेलं. 'केप्पिन' म्हणजे काहीतरी भाग कमी आहे. कोणता, ते खाली लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. बहुतेक वेळा बदलायच्या मुठी किंवा क्षेपणास्त्रं असतात. 'हासोन' म्हणजे मोडलेलं. 'किबामी' म्हणजे पिवळेपणा, पांढऱ्या व्हॅल्किरीत हे फार महत्त्वाचं. 'कान्सेत्सु युरुई' म्हणजे सांधे सैल. 'ज्यान्कु' लिहिलेलं असेल तर परत घेतलं जाणार नाही, सुट्या भागांसाठीच घ्या. बऱ्याच दुकानांत वस्तूचा दर्जा आणि खोक्याचा दर्जा वेगळा दिलेला असतो. खोकं फाटलेलं पण आतली वस्तू उत्तम, हा माझ्या मते सर्वांत चांगला सौदा.

एकदा मी एका विक्रेत्याकडून फोटो बघून वापरलेली व्हॅल्किरी घेतली. वर्णनात दोष एकही नव्हता. घरी आल्यावर टॉर्च लावला तर उजव्या खांद्याच्या पिनेभोवती पांढरी धुरकट छटा. तात्काळ चिकटणाऱ्या गोंदाची वाफ जवळच्या प्लास्टिकवर बसते तेव्हा अशी छटा येते. म्हणजे तडा होता आणि कोणीतरी भरला होता. तिसऱ्या बदलाला हात निघून आला. त्यानंतर मी खांद्याचा जवळून, तिरप्या उजेडातला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवत नाही. ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या खेळण्यांत आणखी एक गोष्ट बघा: ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून काही खेळण्यांत सोनेरी झाक असलेलं प्लास्टिक वापरलं गेलं, ते वयाबरोबर बिस्किटासारखं ठिसूळ होतं. तसं असेल तर रूप बदलायचा प्रयत्नही करू नका.

नक्कल ओळखायला वास घ्या, मग स्क्रू बघा. ताज्या रंगाचा तीव्र वास, कडांवर साच्याची उरलेली पापडी आणि अर्धवट चिरडलेली स्क्रूची डोकी असतील तर ठेवून द्या.

सैल आणि घट्ट सांध्याचं काय करायचं

घट्ट असेल तर जोर करू नका. केस वाळवायच्या यंत्राने लांबून अर्धा मिनिट कोमट करा आणि हळू फिरवा. तरी हलत नसेल तर शुद्ध सिलिकॉन तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, खोबरेल तेल, यातलं काहीही नको. ताणात असलेल्या एबीएसला खनिज तेल लागलं तर ते तडकतं. साच्याच्या कामात आम्ही हे नमुन्यांवर मुद्दाम करून बघतो, रात्रभरात भेगा पडतात.

सैल असेल आणि स्क्रूचा सांधा असेल तर आधी स्क्रू. जपानी स्क्रूचं अधिक चिन्ह आपल्याकडच्या साध्या पेचकसाला अगदी तसंच बसत नाही, जेआयएस (जपानी मानक) खुणेचा छोटा पेचकस घ्या, नाहीतर डोकं चिरडेल. प्लास्टिकमधला स्क्रू पुन्हा घट्ट करताना आधी उलटा फिरवा. 'टिक' असं जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा फिरवा. थेट फिरवलात तर नवा आटा कापला जातो आणि भोक कायमचं खराब होतं. स्क्रूने भागलं नाही तर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप एक पदर पिनेवर गुंडाळा. नेलपॉलिश लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पीओएमला त्याने इजा होत नाही, पण एबीएसला त्यातलं द्रावण खातं, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

ठेवताना खिडकीचा उजेड टाळा, पिवळेपणा तिथूनच येतो. मऊ रबरी क्षेपणास्त्रं आणि टायर कवचाला टेकवून ठेवू नका, रबर मऊ ठेवणारा घटक प्लास्टिकमध्ये उतरतो आणि चिकट डाग कायम राहतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत खेळणं ठेवणं म्हणजे ते वाकडं करून घेणं. कोकणात असाल तर धातूच्या भागांसाठी सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पावसाळ्यात त्या बदलणं.

भाच्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं. निगडीला एका काकांकडे वापरलेली व्हॅल्किरी होती, रविवारी तो बघायला गेला. काकांनी प्रेमाने चहा दिला, गेरवॉकही करू दिला. दहा मिनिटं ती हलली नाही, कंबर आणि घोटे उत्तम होते. मग त्याने टॉर्च लावला. डाव्या खांद्याच्या पिनेपासून केसाएवढी रेघ कडेपर्यंत गेली होती. काकांनाही माहीत नव्हती, त्यांनी चष्मा लावून बघितली आणि भाव निम्म्याने कमी केला. भाच्याने तिथूनच फोन लावला, "मावशी, घेऊ?"

"खांद्याचा सुटा भाग मिळतो का ते मी या रविवारी नाकानोत बघते," मी म्हटलं. "मिळाला तर घे. तोवर काकांना सांग, तो हात फिरवू नका."